निवळ पाणी: शेवगा, निवळी आणि कर्दळीच्या प्रयोगांच्या नोंदी

१८ जून

शाळा उघडून दोनच दिवस झालेत. नववीला विचारलं, यंदा विज्ञान प्रकल्पाला काय घ्यायचं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, पुराचं पाणी." वर्ग एकदम गप्प झाला. २०१९ च्या ऑगस्टात ही मुलं दुसरी-तिसरीत होती, पण त्यांना सगळं आठवतं. पलूस तालुक्यातलं आमचं गाव कृष्णेच्या अगदी काठावर. त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्याकडे जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर बुडाली, मोटारी बुडाल्या, वीज गेली. चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. माळावरच्या शाळेत सगळं गाव राहायला आलं होतं. टँकर पोचेपर्यंत लाल पाण्यात तुरटी फिरवायची, आणि सरपण ओलं म्हणून न उकळताच मुलांच्या हातात द्यायचं, असं आम्ही केलं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "निवळीचं बी असतं तर माठाला आतून घासलं असतं." कुणाकडेच नव्हतं. मी तर ते बी तोवर पाहिलंही नव्हतं.

म्हणून हा प्रकल्प. गढूळ पाणी झाडापाल्याच्या मदतीनं किती सुधारतं ते स्वतः मोजून बघायचं. शेवग्याचं बी, निवळीचं बी आणि तुलनेला तुरटी. जमलं तर पुढे शाळेच्या सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा. एक नियम आजच फळ्यावर लिहिला आणि प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला: प्रयोगाचं पाणी कुणीही पिणार नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

२३ जून

गढूळपणा मोजायचा कशानं हा पहिला प्रश्न. टर्बिडिटी मीटर आमच्याकडे नाही. पण मीटरआधीही लोक मोजत होतेच. एक मीटर लांबीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची नळी सांगलीहून आणली, खालचं तोंड बंद केलं आणि तळाशी पांढऱ्या चकतीवर काळी फुली काढली. वरून बघत बघत पाणी ओतायचं. फुली दिसेनाशी झाली की थांबायचं आणि बाहेर लावलेल्या पट्टीवर उंची वाचायची. आकडा जितका मोठा तितकं पाणी निवळ.

तिघांनी वेगवेगळं वाचायचं आणि मधला आकडा धरायचा असं ठरलं, कारण पहिल्याच पाण्याला एकाचे ३५ सेंमी आले आणि दुसरीचे ४२. आज नदीचं पाणी ३८. शाळेच्या बोअरचं पाणी नळी काठोकाठ भरली तरी फुली स्वच्छ दाखवत होतं.

२९ जून

शेवग्याचं बी मिळवणं सोपं वाटलं होतं. परसात झाडं कमी नाहीत, पण शेंग कोवळी असतानाच आमटीत जाते. आम्हाला हवं ते झाडावरच वाळून तपकिरी झालेल्या शेंगेतलं बी. हिरव्या शेंगेतल्या बियांना पाणी निवळता येत नाही. तो गुण बी पिकतानाच त्यात येतो. शेवटी कवठेमहांकाळकडे ज्यांचे पाहुणे आहेत अशा एका पालकांनी वाळक्या शेंगांची पिशवी आणून दिली. त्या भागातल्या माळरानावर शेवगा चांगला येतो.

तीन कागदी पंख असलेलं बी, त्याचं कवच फोडलं की आत पांढरा गर. मुलांनी शंभर बिया निवडल्या. किडकी, काळी पडलेली बाजूला काढली. कवच मात्र प्रयोगाच्या दिवशीच फोडायचं. सोलून ठेवलेलं बी लवकर खराब होतं.

४ जुलै

कृष्णेला लाल पाणी आलं. घाटावरून दोन घागरी भरून आणल्या. नळीत ४ सेंमीलाच फुली गायब.

पाच-पाच लिटरच्या तीन बादल्या. पहिलीत काहीच नाही. दुसरीत तुरटी. तिसरीसाठी शेवग्याच्या पाच बिया सोलून खलबत्त्यात बारीक कुटल्या, पेलाभर स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं ढवळल्या आणि फडक्यातून गाळून ते दुधाळ पाणी बादलीत ओतलं. दोन मिनिटं जोरात आणि मग दहा मिनिटं अगदी हळू ढवळायचं. हळू ढवळणं मुलांना कठीण गेलं. हात आपोआप जोर धरतो आणि जमलेले पुंजके फुटतात. ज्या मुलीनं शेवटी ते नीट केलं ती म्हणाली, "खीर ढवळतो तसं, तळाला लागू न देता." आता तोच आमचा शब्द झालाय, खीर-ढवळ.

दीड तासानं: नुसती बादली ६ सेंमी, शेवगा ४१, तुरटी ५५. तळाशी लाल गाळाचा जाड थर आणि वर पाणी. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मीही बराच वेळ त्या बादलीकडे बघत उभी राहिले. पाच बियांनी हे केलं होतं.

हे होतं कसं ते समजावलं. मातीचे अतिबारीक कण ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दिवसेंदिवस तरंगत राहतात, खाली बसत नाहीत. शेवग्याच्या बियांत पाण्यात विरघळणारी लहान आकाराची प्रथिनं असतात आणि त्यांच्यावर धनभार असतो. ती कणांना चिकटली की त्यांचं एकमेकांशी असलेलं वैर संपतं, पुंजके होतात आणि स्वतःच्या वजनानं खाली बसतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियमही जवळजवळ हेच काम करतं, फक्त त्यानं पाण्याची आम्लता थोडी वाढते. शेवग्यानं वाढत नाही.

मुलांना हेही सांगितलं की सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात सुदानमधल्या बायका नाईल नदीचं गढूळ पाणी याच जातीच्या बियांनी निवळतात हे पाहिलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याचा अभ्यास केला. झाड मात्र मूळचं आपल्याकडचं, हिमालयाच्या पायथ्याचं. ते तिकडे गेलं आणि तिकडच्या बायकांनी त्याचा हा गुण सांभाळला, याचं मला फार वाटलं.

६ जुलै

आजचा दिवस महत्त्वाचा.

परवा तिन्ही बादल्यांतलं वरचं पाणी एच-टू-एसच्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. या बाटलीत आधीपासून औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस उबेला ठेवायची. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील तर आतलं पाणी काळं पडतं. पावसाळी गारव्यामुळे आम्ही बाटल्या गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या.

तिन्ही काळ्या. नुसत्या पाण्याची पहिल्याच दिवशी डांबरासारखी झाली. तुरटी आणि शेवग्याची उशिरा, पण काळीच.

शिवाय शेवग्याच्या बादलीतलं पाणी दोन दिवस तसंच झाकून ठेवलं होतं, त्याला वास यायला लागला. बियांतला बाकीचा अंश, तेल, पिष्ट, नको असलेली प्रथिनं पाण्यातच राहतात आणि उरलेल्या जंतूंना ते खाद्य होतं. गाळाबरोबर जंतूंचा मोठा हिस्सा खाली बसतो, शंभरातले नव्वदच्या वर, हे खरं. पण उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात.

वर्गाचे चेहरे पडले. एकजण म्हणाला, "मग टाळ्या कशाला वाजवल्या आपण?" मी म्हटलं, टाळ्या बरोबरच होत्या, पाणी निवळलंय. शुद्ध झालेलं नाही. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवायचे. पुराच्या वेळी मी स्वतः तुरटीचं निवळ पाणी मुलांना दिलं होतं, ते आज त्या काळ्या बाटलीकडे बघताना डोळ्यांपुढे आलं. हे मी वर्गात बोलून दाखवलं.

११ जुलै

मात्रा. पाणी ११ सेंमीचं. पाच बादल्या, पाच लिटरला अनुक्रमे १, ३, ५, १० आणि २० बिया. तीन आणि पाचला सगळ्यात छान. दहाला जरा कमी. वीसची बादली दुधाळच राहिली, गाळ नीट बसलाच नाही. जास्त घातलं की कणांवर उलटा, म्हणजे धनभार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना दूर लोटतात. घरी लोक नेमकी हीच चूक करतील, अजून थोडं टाक म्हणतील. म्हणून हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून ठेवले: लाल पाण्याला लिटरला एक बी, साधारण गढूळ पाण्याला दोन लिटरला एक.

थोडंसंच गढूळ पाणी असलं तर शेवग्याचा फारसा उपयोग होत नाही, हेही दिसलं. कण कमी असले की ते एकमेकांना भेटतच नाहीत.

१७ जुलै

निवळीच्या बिया मिळाल्या. सांगलीत गणपती पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पावशेर घेतल्या. बटणासारख्या गोल, फिकट रंगाच्या, हाताला गुळगुळीत. दुकानदारांना दोनदा विचारून घेतलं आणि मुलांनाही दाखवलं, कारण याच कुळातलं दुसरं झाड म्हणजे काजरा. त्याच्या बिया कुचला म्हणून विकल्या जातात, मोठ्या, चपट्या, राखाडी आणि रेशमी लव असलेल्या. त्यांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. नाव वाचून किंवा चित्र बघून कुणी असलं बी आणू नये. जाणत्याकडूनच घ्यावं.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवण्याचे सात उपाय दिलेत. त्यांत पहिलं नाव कतक म्हणजे निवळीचं. त्याच यादीत कमळाचा कंद, शेवाळाचं मूळ आणि साधं कापडही आहे. मनुस्मृतीत एक श्लोक आहे, त्याचा अर्थ असा की कतकाचं फळ पाणी निवळतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही. वर्गाला हा फार आवडला. कुणीतरी तो प्रयोगवहीच्या कव्हरवर लिहिलाय.

सहाणेवर थोड्या पाण्यात बी उगाळलं. अतिशय कडक बी. पाच लिटरपुरतं उगाळायला दोन मुलांचे हात दुखून आले. निकाल: ६ सेंमीवरून दीड तासात २९. एकटी निवळी शेवग्याएवढं करत नाही, पण थोड्या तुरटीबरोबर घातली तेव्हा ५२ आले आणि तुरटी नेहमीच्या निम्मीच लागली. हिच्या बियांत लांब साखळ्यांची कर्बोदकं असतात. ती कणांना दोरीसारखी एकमेकांना बांधतात. काम शेवग्यापेक्षा वेगळ्या रीतीनं होतं.

संध्याकाळी चार बिया घरी नेल्या. सासूबाईंनी तळहातावर घेतल्या, बोटांनी फिरवून बघितल्या आणि म्हणाल्या, "हेच ते." मग बराच वेळ त्यांच्या आईच्या माठाबद्दल बोलत होत्या.

२५ जुलै

नदी वाढते आहे. प्रयोग बंद. घाटाकडे मुलांनी जायचं नाही म्हणून बजावलं. सगळं सामान वरच्या खोलीत हलवलं.

५ ऑगस्ट

पाणी उतरलं. यंदा गावात शिरलं नाही, फक्त नदीकाठच्या मळीची शेतं बुडाली. घाटावरचा चिखल अजून निघालेला नाही. पाणी ३ सेंमी.

आज ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक दादा शाळेत आले. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालणं आणि ओटी टेस्ट करणं (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग येतो) हे त्यांचं रोजचं काम. मुलांनी त्यांना बादल्या दाखवल्या. त्यांनी एकच गोष्ट सांगितली आणि आमच्या प्रकल्पाची दिशाच बदलली. "गढूळ पाण्यात कितीबी टीसीएल घाला, ओटीला पिवळा रंग येतच न्हाई. सगळं क्लोरीन मातीच खाऊन टाकती." म्हणजे गाळ आधी काढला तर टीसीएल खरं काम करेल. बी म्हणजे शेवटचा उपाय नव्हे, ते पहिलं पाऊल आहे.

लगेच करून बघितलं. सगळी बादल्यांतली मापं दादांनीच घेतली.

पहिली बादली, गढूळ पाणी आणि टीसीएलचं द्रावण, हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबानं. अर्ध्या तासानं ओटीचा थेंब: रंग नाही.

दुसरी बादली, शेवग्यानं निवळलेलं, गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घेतलेलं, त्यात तेवढंच टीसीएल. अर्ध्या तासानं अगदी फिका पिवळा, आहे की नाही असा.

तिसरी, शेवग्यानं निवळलेलं पाणी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळून मग टीसीएल. स्पष्ट पिवळा.

दुसरी आणि तिसरी यांत फरक का, यावर अर्धा तास चर्चा झाली. ओतताना गाळाचे पुंजके थोडे तरी येतातच. साडीनं ते अडवले. साडीचं महत्त्व मी कमी धरत होते. बांगलादेशात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी साडी घडी घालून पाणी गाळायला लावलं, तर त्या गावांमधला कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि जुन्या, धुऊन धुऊन दाट झालेल्या कापडात ते जीव अडकतात. नवी साडी चालत नाही, तिची वीण मोकळी असते. कापूसही झाडाचाच, म्हणून साडीही आमच्या यादीत घेतली.

तिन्हींच्या बाटल्या गोधडीत ठेवल्यात.

७ ऑगस्ट

पहिली काळी. दुसरी कडेनं राखाडी. तिसरी जशीच्या तशी, स्वच्छ.

तीन वेळा पुन्हा करायचं ठरवलंय. एका बाटलीवर काही सिद्ध होत नाही. पण आज मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आधी वहीत लिहिलं. मला ते फार आवडलं.

१४ ऑगस्ट

पुन्हा केलेल्या तीनपैकी दोनदा स्वच्छ, एकदा काळी. काळी आली त्या दिवशी साडी न धुता वापरली होती. साडी उकळून वाळवून वापरायची हे नियमात घातलं.

आज शाळेच्या गेटवर एक आबा थांबले होते. त्यांच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी मचूळ झालंय. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी देऊन नदीकाठची किती जमीन क्षारपड झाली ते इथं सगळे जाणतात. "बाई, पोरं म्हनत्यात शेवग्यानं पानी गोडं हुतंय. आमच्या बोअरचं करून द्या की." नाही म्हणताना जीवावर आलं. बाटलीभर पाणी घेऊन त्यांच्यासमोरच प्रयोग केला. टीडीएस मीटर आधी १,८४०, नंतरही १,८५०. विरघळलेलं मीठ कणांच्या रूपात नसतंच, बी पकडणार कशाला? आबांनी मीटरचा आकडा स्वतः वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "खरं सांगितलंसा, बरं केलंसा."

गावात "पाणी गोड होतं" असं पसरलंय, ते कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. उद्या वर्गात बोलायला हवं.

२२ ऑगस्ट

आज नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "हळद घातली तर? जखमेला लावतात ना, जंतू मरतात म्हणून?" सांगली जिल्ह्यात हा प्रश्न यायचाच होता. करून बघितलं. पाणी पिवळं झालं, हळद तळाला बसली, बाटली काळीच. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तिला वाईट वाटलं नाही, उलट ती पुढच्या प्रयोगाची यादी करते आहे.

ओढ्याचं पाणीही तपासलं. गावाचं सांडपाणी त्यात येतं. शेवग्यानं गाळ बसला पण वास आणि साबणाचा फेस तसाच. मग करवंटीचा कोळसा. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात करवंट्या भरून चुलीत तापवल्या, धूर थांबल्यावर गार करून कुटल्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतल्या. शाईचं लाल पाणी त्यातून फिकं होऊन बाहेर आलं आणि ओढ्याच्या पाण्याचा वासही बराच कमी झाला. विकतच्या सक्रिय कोळशाला वाफेत खूप तापवून त्याची छिद्रं वाढवलेली असतात. आमच्या कोळशाची ताकद त्याच्यापुढे थोडी. आणि कोळसा भरला की तो बदलावाच लागतो, नाहीतर जंतूंना राहायला जागाच मिळते.

३ सप्टेंबर

कर्दळीचा वाफा. पोषण आहाराची भांडी आणि मुलांचे हात धुतलेलं पाणी रोज अंदाजे तीनशे लिटर, ते आजवर पटांगणाच्या कोपऱ्यात साचून डास व्हायचे.

खड्डा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंमी खोल. आतून शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिकचा कागद. तोंडाशी आणि शेवटाला मोठी खडी, मध्ये बारीक. खडीच्या फटींत ४०% जागा धरली तर सातशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे पाणी आत दोन दिवसांहून थोडं जास्त राहील. बाहेर पडायचा पाइप असा बसवला की पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली चार बोटं राहील. वर पाणी दिसलं नाही की डास नाहीत. कर्दळीचे वीस कंद, ओढ्याकाठची पाणकणसं, आणि एका पालकांनी दिलेला वाळा.

झाडं पाणी पितात म्हणून ते स्वच्छ होतं असं मुलांना वाटत होतं. मुख्य काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जीवाणू करतात. कर्दळ, पाणकणीस यांची मुळं चिखलातही जगतात कारण ती खोडातून हवा खाली नेतात. त्यातला थोडा प्राणवायू मुळांभोवती झिरपतो आणि जीवाणूंना मिळतो. जलपर्णी का नको, असंही विचारलं. तीही पाण्यातली खतं आणि धातूसुद्धा ओढून घेते, पण इतकी पसरते की काढून काढून माणूस दमतो, आणि काढलेली नेऊन टाकायची कुठे हा प्रश्न उरतोच. तिला वाफ्यात जागा दिली नाही.

१९ सप्टेंबर

वाफा तुंबला. वर पाणी आलं, आंबूस वास. तोंडाची खडी उपसली तर भाताची शितं आणि तेलाचा थर. चूक माझी, गाळणकुंडीशिवाय थेट पाइप जोडला. आहार शिजवणाऱ्या मावशींनीच उपाय सांगितला: भांडं घासण्याआधी खरकटं बादलीत काढायचं आणि पाण्याला आधी एका कुंडीत थांबवायचं, म्हणजे तेल वर राहतं. प्लॅस्टिकच्या जुन्या ड्रमाची कुंडी केली, तोंडाला नायलॉनची जाळी. जाळी रोज मावशी साफ करतात. त्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर

वाफा चालू. आत जाणारं पाणी ९ सेंमी, बाहेरचं ६०च्या पुढे, वास नाही. कर्दळीला लाल फुलं आलीत. बाटली अर्थात काळी. हे पाणी शेवग्याच्या रोपांना आणि कडेच्या झाडांना, पालेभाजीला नाही.

ऊन कडक आहे म्हणून आणखी एक प्रयोग. शेवग्यानं निवळलेलं, साडीनं गाळलेलं नदीचं पाणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून सकाळी नऊ ते तीन पत्र्यावर आडवं ठेवलं. पाणी पुरेसं निवळ आहे का ते बघायची सोपी रीत: बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवायची आणि वरून बघून खालचा मथळा वाचता यायला हवा. वाचता आला. सहा तासांच्या उन्हानंतर भरलेल्या एच-टू-एसच्या चारही बाटल्या स्वच्छ. गढूळ पाण्याच्या मात्र काळ्या, कारण ऊन आत पोचत नाही. श्रावणात हा उपाय चालणार नाही, ढग असले तर दोन दिवस ठेवावं लागतं. पुराच्या दिवसांत टीसीएलच.

२८ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर फलक रंगवायला घेतला. ग्रामपंचायतीत लावायचा आहे. एकानं वर मोठ्या अक्षरात "शेवग्याने पाणी शुद्ध करा" लिहिलं. हळदवाल्या मुलीनं ब्रश काढून घेतला. वाद झाला. त्याचं म्हणणं, लोकांना लांबलचक वाचायला आवडत नाही. तिचं म्हणणं, आबांना मी काय सांगणार मग? शेवटी ती जिंकली. फलकावर आता चार ओळी आहेत: बी घालून निवळवा, उकळलेल्या साडीतून गाळा, टीसीएल घाला, ओटी बघा. कोपऱ्यात काळ्या बाटलीचं चित्र.

उरलेल्या बिया मोजल्या, ६४० भरल्या. कवचासकट, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा माळावरच्या शाळेच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवला, पूर आला की गाव जिथे येतं तिथे. शेजारी दोन उकळून वाळवलेल्या साड्या आणि एक खलबत्ता. टीसीएल तिथे ठेवत नाही, जुनं झालं की त्यातलं क्लोरीन उडून जातं; ते दादा ताजं आणणार. डब्यावर चिठ्ठी: "शेवगा बी. आधी सोलू नये. लाल पाण्याला लिटरला एक. जास्त नको. दर उन्हाळ्यात बदलणे."

परसातल्या झाडाच्या दहा-बारा शेंगा यंदा तोडायच्या नाहीत, वाळू द्यायच्या, असं घरी सांगून ठेवलंय.